बाजारहत्नूरची फायनल

केशवरावभाऊच्या दुकानात मी गेली होती मीठ अन् काडेपेटी आनाले, अन् घरी आली ते डोकं तापवून. दुकानाच्या ओट्यावर काळा गुळगुळीत दगड आडवा टाकला होता, दारायेवढा. केशवरावभाऊचा पुतन्या भूषण त्याच्यावर वाकून खडूनं नावं लिहून राह्यला होता. वरतं मोठ्या अक्षरात होतं, ‘आमच्या गावचे अजिंक्य खेळाडू’. त्याच्या खाली पयलं नाव त्याचं सोताचंच.

"हे काय हो भाऊ?" मी विचारलं.

केशवरावभाऊ तराजूपासून उठले. क्रीडा कमिटीचे अध्यक्ष तेच हायेत. म्हने, "कबड्डीच्या मैदानावर गेट बांधलं ना, त्याले लावाचा हाय. पुढच्या मयन्यात मंडलातल्या साऱ्या गावाइचे सामने आपल्या गावात. तामसीपासून लोक येतीन. गावात कोन कोन जितलं ते त्याइले दिसाले पायजे. सोमवारी निर्मलहून कोरनारा येऊन राह्यला."

मी पाचही नावं वाचली. दोनदा वाचली. मले वाचता येते, सातवी शिकली हाय मी.

"आमच्या घरच्याचं नाव नाई याच्यात."

"चंपत लय खेळला, ताराबाई. कोन नाई म्हन्ते? पन कमिटीनं नियम केला. चॅम्पियनशिपचं सर्टिफिकेट पायजे. जितल्याचं."

आता तुमीच सांगा बाप्पा. माया नवरा चंपत बावीस वर्स या गावासाठी कबड्डी खेळला. चढाई कराले गेला की समोरचे सात जन मागं सरकत. बोथपासून बेल्यापर्यंत लोक बैलगाड्या जुंपून त्याले पाहाले येत. डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाईत त्याची. अन् भूषण? एका वर्सी जिल्ह्याचा संघ राज्यात पयला आला, त्याच्यात बारावा गडी म्हनून गेला होता तो. गुडघ्याले टोपी चढवून बाकावर बसला, अन् सामना संपला तवा फोटोसाठी उठला. अंगाले घाम नाई, कपड्याले माती नाई. त्याचं नाव दगडावर, अन् आमचं नाई. मानूस म्हनून वाईट नाई पोट्टा, पन मी त्याच्या हातातला खडू तोडून फेकनार होती त्या दिवशी.

घरी आली. टिनाच्या पेटीतून सारे कागद काढले. सात होते. एकाले वाळवी लागली होती, ते पदरानं झटकलं. अन् तशीच उन्हाची परत दुकानात गेली. दुकानात तवा चार-पाच मानसं होती. केशवरावभाऊनं हाताचं पीठ धोतराले पुसलं, अन् एक-एक कागद डोळ्यापासून लांब धरून वाचला. उपविजेता. उपविजेता. उपविजेता. सातही वाचले त्याइनं, मोठ्यानं.

"ताराबाई, हे तं हारल्याचे कागद हायेत," ते म्हन्ले. लय नरमीनं म्हन्ले, पन मागं उभं राह्यलेलं कोनी तरी हासलंच. मी कागद गोळा केले अन् निंगाली. मीठ तिथंच राह्यलं.

वावरात पोचली तं आमचे हे वाकून कापूस वेचून राह्यले होते. चंपत म्हंजे कसं मानूस हाय सांगू? घराले आग लागली तरी पयले चप्पल सरळ करून ठेवीन. पोटाशी जुन्या लुगड्याची ओटी बांधली होती, ते भरून पोट पुढं आल्यासारखं दिसत होतं. वरतं आभाळ भरत होतं. फोनवर तीन दिवसानं पानी सांगतलं होतं, अन् तीन एकरातली बोंडं सारी फुटून पांढरी झाली होती. वेचाले मजूर भेटत नव्हते, साऱ्याइचीच घाई. पानी आलं का कापूस पिवळा पडते, मंग त्याले कोनी विचारत नाई. म्हनून आमी दोघंच सकाळपासून सांजपर्यंत.

मीही ओटी बांधली अन् बाजूचं तास, पऱ्हाटीची ओळ, धरलं. पन तोंड कुठं गप बसते?

"तुमचं नाव दगडावर नाई. भूषणचं हाय."

"बरं."

"बरं काय बरं? गावासाठी हाडं मोडून घेतली तुमी."

"गावानं कुठं म्हन्लं होतं मोडून घे म्हनून? मले खेळाले आवडे." अन् एका हातानं तीन बोंडं एकदम ओढली. "दगडच हाय तो, तारा. लिहू दे त्याले."

"तुमाले काई नाई वाटत?"

त्याइनं कंबर सरळ केली, आभाळाकडे पाह्यलं. "वाटते ना. वाटते का हे वावर गुरुवारपर्यंत खाली झालं पायजे."

मले असा राग आला! कोरड्या बोंडाची टोकं नखात रुतून रक्त निंगत होतं, तरी वेचतच राह्यली. दगडापायी मले काई मिळनार नव्हतं. पन हे आपले मानूस, पन्नाशीले टेकले. याइच्या मागं याइचं काय राह्यनार? तीन एकर वावर अन् सात हारल्याचे कागद. माया मनानं घेतलंच, का सोमवारच्या आत यांचं नाव दगडावर आलंच पायजे.

आता ते बाजारहत्नूरची फायनल तुमाले सांगतो. गावातल्या लेकराले विचारलं तरी सांगीन. सव्वीस वर्स झाले. संक्रांतीचे सामने होते, समोर बाजारहत्नूरचाच संघ. शेवटची चढाई, आमचं गाव एका गुनानं मागं. चंपत गेला. दोघाइले शिवला, अन् परतताना चौघाइनं धरला. एकानं घोटा, दोघाइनं कंबर, एकजन पाठीवर. चौघाइले ओढत, मातीत छातीनं सरकत, कबड्डी कबड्डी म्हनत हा मानूस रेघेपर्यंत आला अन् रेघेवर हात टाकला. सहा गडी बाद झाले असते, ढाल आमची. पन पंचानं शिट्टी मारली. म्हने दम तुटला, हात टेकाच्या आधी तुटला, चंपत बाद. भगवानराव सर म्हनून पंच होते, मास्तर. तवापासून आमच्या गावात एकच गोष्ट, का पंचानं आमची फायनल चोरली. त्या पायी बाजारहत्नूरच्या दोन जमलेल्या सोयरिकी मोडल्या लोकाइनं. भगवानराव सरची बदली आमच्या शाळेत झाली होती, तं गावानं रुजूच होऊ नाई देलं.

संध्याकाळी प्रगतीचा फोन आला. माई पोरगी, निर्मलले शाळेत शिकवते. तिले सारं सांगतलं, अन् रडली मी, खोटं काऊन बोलू.

प्रगती म्हन्ली, "आई, भगवानराव सर इथंच राहतात, माझ्या मागच्या गल्लीत. भेटले की दर वेळी बाबांचं विचारतात. परवा म्हणाले, मला एकदा तुझ्या बाबांना भेटायचंय, मनावर ओझं आहे."

"कसलं ओझं?"

"त्या फायनलचं. आई, त्यांना वाटतं त्यांचं चुकलं."

माया हातातला तवा खाली ठेवला मी. "म्हन त्याइले, या म्हना. रविवारीच या म्हना. अन् जे बोलता ते कागदावर लिहून आना."

आमच्या याइले काई नाई सांगतलं. सांगतलं असतं तं नको म्हन्ले असते.

गुरुवारी पानी येनार होतं, ते नाई आलं. आभाळ नुसतं घुटमळत राह्यलं. आमचा अर्धाच कापूस झाला होता, तं आमी वेचतच राह्यलो. रविवारी सकाळी याइले वावरात धाडलं अन् मी नवं लुगडं नेसून बस थांब्यावर जाऊन उभी राह्यली. प्रगतीनं सरले धरून उतरवलं. चौऱ्याहत्तर वर्साचं मानूस, काठी टेकत, खिशात दुमडलेला कागद.

"जयभीम सर," मी म्हन्ली. "मी चंपतची घरवाली."

"जयभीम, बाई. तुमच्या गावात मला येऊ देतील ना?"

"पाहू तं कोन अडवते," मी म्हन्लं, अन् सरळ केशवरावभाऊच्या दुकानात नेलं. प्रगतीले धाडलं वावरात, बाबाले आन म्हनून.

दुकानात रविवारची गर्दी होती. भगवानराव सर म्हन्ल्यावर लोक आखडले. केशवरावभाऊ तं तराजू धरून उभेच राह्यले. पन म्हातारं मानूस काठीवर थरथरत उभं हाय म्हनून त्याइनंच खुर्ची पुढं ओढली.

तेवढ्यात आमचे हे आले. वावरातून जसेच्या तसे, पोटावर कापसाची भरलेली ओटी, केसात पऱ्हाटीचा पाला. सरले पाह्यलं अन् दारातच थांबले.

"सर? तुमी?"

"चंपत, बस," सर म्हन्ले. "मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल. त्या दिवशी मी ऐकतच नव्हतो रे. चढाई करणाऱ्याचा दम ऐकणं, हेच पंचाचं काम. पण तू त्या चौघांना ओढत येत होतास, अन् मी नुसता पाहत राहिलो. उभ्या जन्मात मी तसं पाहिलं नव्हतं. कान बंदच झाले माझे. मग कोणीतरी ओरडलं, तुटला तुटला, अन् मी शिट्टी वाजवली. घरी गेलो ते झोपलो नाही. सव्वीस वर्षं हेच विचारतोय स्वतःला, की दम खरंच तुटला होता, का मी एका गड्याची ढाल घालवली." खिशातला कागद काढून त्याइनं केशवरावभाऊच्या हातात देला. "हे माझ्या सहीनं लिहून दिलंय. निर्णय माझा चुकला. जिंकलं तुमचं गाव होतं."

केशवरावभाऊनं कागद वाचला. दोन्ही हात वर केले. "मी काय म्हनत होतो! सव्वीस वर्सापासून मी काय म्हनत होतो! चोरलीच होती!" अन् भूषणले ओरडले, "अरे पाहून काय राह्यला? लिही! सगळ्याच्या वरतं लिही चंपतचं नाव!"

भूषणनं खडू उचलला. सोताचं नाव हातानं पुसलं त्यानं, तुमाले सांगतो, एक पळ थांबला नाई, अन् त्याच जागेवर चंपतचा ‘च’ काढला. माया डोळ्यातून घळाघळा पानी आलं. प्रगतीनं माया हात घट्ट धरला होता.

"थांब भूषण," आमचे हे म्हन्ले.

ओटीची गाठ सोडली त्याइनं, कापूस ओट्यावर कडेले ठेवला. मंग सरच्या समोर खाली बसले.

"सर, दम तुटला होता."

दुकानाच्या मागच्या गिरनीचा पट्टा तेवढा फडफडत होता.

"रेघेच्या हातभर अलीकडेच तुटला. तोंडात माती गेली होती. मी एकदा श्वास घेतला, अन् मंग हात टाकला. तुमी बरोब्बर शिट्टी मारली."

"अरे पन..." केशवरावभाऊ म्हन्ले, "मंग येवढे वर्स बोलला काऊन नाई बावा?"

चंपतनं खाली मान घातली. "केशवरावभाऊ, शिट्टी झाली अन् तुमी धावत आले. मले खांद्यावर उचललं. साऱ्या गावानं मले गाडीपर्यंत खांद्यावर नेलं. त्याच्या आधी आमच्या वाड्यातलं मानूस तुमच्या या ओट्यावर टेकू शकत नव्हतं, तुमाले माहीत हाय. अन् तुमी मले खांद्यावर घेतलं. मी बावीस वर्साचा. वरतं बसून कसं सांगू का दम तुटला? बरं वाटत होतं मले. मंग उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता गोष्ट गावाची झाली." सरकडे वळून ते म्हन्ले, "सर, तुमी झोपले नाई, हे मले माहीत असतं तं चालत आलो असतो निर्मलले. माफ करा मले."

भगवानराव सरनं त्याइचा हात धरला. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"बरोब्बर होतं."

"नक्की?"

"छातीतला दम हाय सर, दुसऱ्या कोनाले माहीत असनार?"

अन् ते म्हातारं मानूस रडलं अन् हासलं, दोन्ही एकदम. केशवरावभाऊच्या हातातून कागद घेतला, बारीक फाडला अन् सदऱ्याच्या खिशात टाकला. मंग म्हने, "बाई, काही खायला आहे का? मला भूक लागलीय." चार भाकरी खाल्ल्या त्याइनं माया घरी, मिरच्याच्या ठेच्यासंग.

पन दुकानात काय झालं ते राह्यलं. भूषण हातात खडू घेऊन तसाच उभा होता. आमच्या याइनंच तळहातानं ‘च’ पुसला, अन् म्हन्ले, "तुयं होतं तसं लिही. तू जितला हाय." आमी उतरून वाटेले लागलो तवा केशवरावभाऊ मागून धावत आले अन् मिठाची पुडी माया हातात देली, म्हने, "ताराबाई, त्या दिवशी राह्यली होती."

गावानं दोन दिवस तेच चघळलं. कोनी म्हने चंपत येडा हाय, सोन्यासारखा मोका घालवला. कोनी म्हने आमाले सव्वीस वर्स मूर्ख बनवलं. जिच्या पोरीची सोयरिक मोडली होती ते जयवंताबाई दारात उभी राहून मोठमोठ्यानं बोलून गेली, अन् मंग जाता जाता माया चुलीवरचा चहा पिऊन गेली. सोमवारी कोरनारा आला अन् दगड कोरला गेला. पाच नावं. सहावं नाई.

अन् मी? मी बोललीच नाई. रविवार, सोमवार, मंगळवार, भाकर वाढली का ताट सरकवाचं अन् उठाचं. मी मानसाइसमोर रडली होती. नवं लुगडं नेसून बस थांब्यावर उभी राह्यली होती. अन् या मानसानं पंचवीस वर्स माया बाजूले झोपून मले येवढं नाई सांगतलं.

मंगळवारी शेवटचा तुकडा राह्यला होता, बांधाकडचा. आभाळ उघडलं होतं, ऊन चांगलं कडक. आमी शेजारच्या तासात, पाठीले पाठ लावून वेचत होतो. शेवटी मलेच राहवलं नाई.

"मले तरी सांगाचं होतं."

ते थांबले. मले वाटलं काई तरी गमतीचं बोलतीन. पन त्याइचा आवाज असा बारीक होता का मी वळून पाह्यलं.

"तुले कसं सांगू, तारा? त्या फायनलपायीच तं तुया बापानं मले पोरगी देली. अख्ख्या मंडलात चर्चा होती, का जितून हारलेला पोट्टा. खरं समजलं असतं तं तू उठून बापाच्या घरी गेली असती. मी बायको चोरून आनली, असंच वाटे मले."

"पंचवीस वर्स?"

"पंचवीस वर्स."

मले हासू आलं. असं हासू आलं का मी तासातच बसली, अन् ओटीतला अर्धा कापूस खाली सांडला. ते घाबरले, पानी आनू का म्हन्ले.

"अवो," मी म्हन्ली, "माया बाप तिथं होता. बाजारहत्नूरले, रेघेच्या जवळच बसून होता. तो घरी आला तवा मी चुलीपाशीच होती. आईले काय म्हन्ला सांगू?"

"काय?"

"म्हन्ला, सारं गाव पंचाच्या अंगावर धावून गेलं. कोनाचा तरी हात लागला अन् त्याचा चष्मा मातीत पडला. तं जो पोट्टा हारला होता, तो वाकला, चष्मा उचलला, बनियनच्या कोन्यानं काचा पुसल्या अन् पंचाच्या डोळ्यावर चढवून देला. मंग त्याले लोकाइनं उचलून नेलं. बाप म्हन्ला, हारल्यावर जो मानूस असं करते, तो आपल्या पोरीवर कधी हात नाई उचलनार. त्यालेच द्याची आपली तारा."

आमचे हे हातात बोंड धरून उभेच राह्यले.

"अन् आईनं विचारलं, जितलं कोन? तं बाप म्हन्ला, ते काई पाह्यलं नाई बा मी."

ते माया समोर उकिडवे बसले अन् सांडलेला कापूस गोळा करू लागले. त्यातला पाला, माती वेचून बाजूले टाकत, हळूहळू, वाकड्या बोटाइनं. पंचवीस वर्स झाले आमच्या लग्नाले. एकदाबी नाई उचलला त्याइनं हात.